पिशवीत मारलेली फुंकर

तीर्थरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (पत्रातूनच, खरोखर वाकलो तर बायको अजून ओरडते). तुझे गुडघे आणि भावोजींची कवळी जागच्या जागी असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही झकास.

तीन महिन्यांपूर्वी बँडच्या तालमीत ट्रंपेट वाजवताना माझ्या छातीत कळ आली. नेहमीचं पित्त समजून मी ती गिळली. ढोलवाल्याने मात्र माझा घामेजलेला चेहरा पाहिला आणि मला तसाच उचलून दवाखान्यात नेलं. हृदयाची नळी तुंबली होती. स्टेंट बसला, वाचलो. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि हृदयाचे डॉक्टर चौकशी करू लागले पोटाची! मला वाटलं, साहेब मजला चुकले. पण त्यांनी नीट समजावलं. एक जिवाणू पोटात वर्षानुवर्षं ठाण मांडतो, जखमा करतो. रक्त पातळ झालं की त्या वाहू लागतात, आणि त्यापायी हृदयाची गोळी थांबवली तर आगीतून फुफाट्यात.

"झटका त्याच्यामुळेच आला का?" मी विचारलं.

"तसं म्हणायला पुरावा कच्चा आहे," ते म्हणाले, "पण त्याला ठेवून तरी काय करायचंय?"

तपासणीसाठी औषध पिऊन पिशवीत फुंकायचं होतं. (हे कुणाला सांगताय? जन्मभर ट्रंपेट फुंकलेल्या माणसाला!) मी बेंबीच्या देठापासून अशी फुंकर मारली, की पिशवी तपासनीस बाईंच्या हातून सुटून त्यांच्या नाकावर आदळली. "काका, श्वास हवाय, वादळ नको," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला लाजत फुंकलं. जिवाणू निघाला. चौदा दिवस मूठ-मूठ गोळ्या, आणि तोंडाला गंजक्या खिळ्याची चव. त्या भरात मी बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. त्यावर गोळी नव्हती.

आता जिवाणू गेला. काल वाजवायची परवानगीही मिळाली. पहिलाच सूर फाटका लागला, तरी ढोलवाला टाळ्या पिटत सुटला आणि मला चक्क रडू आलं.

तुझा,
धाकटा

ता. क. : हा जिवाणू म्हणे बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात पसरतो. आपण दोघं एका ताटात जेवायचो. तुझं पित्तही जुनं, आणि रक्त पातळ करायची गोळी तूही वर्षभर घेतेयस. एवढं सगळं लिहिलं ते यासाठीच. तपासून घे ना गं.

ता. ता. क. : "बघू" म्हणू नकोस. गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. चपला घ्यायच्या निमित्ताने भावोजी तुला बाहेर काढतील. (अरे देवा, हे तुला कळू द्यायचं नव्हतं! आता पत्र पुन्हा कोण लिहिणार? तू आपली काहीच ठाऊक नसल्यासारखी नीघ. बिचारे चार दिवस आरशासमोर थाप मारायचा सराव करताहेत.)