कडेची लाली

राहुरी,
दि. ९ सप्टेंबर १९९६

प्रिय प्रज्ञाताईस, भीमराजचा जयभीम.

मी इकडे बरा आहे. प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा धुण्याचं काम नीट चालू आहे. तिसगावला पाऊस झाला का?

गुरुवारी नगरला कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. माझ्या कमरेचा नायटा पसरला आहे. त्यांनी थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. हरळीच्या मुळ्यांसारखे बारीक धागे होते.

मी विचारलं, बुरशी आली हे कातडीला कळतं कसं? बाईंनी सांगितलं की वरचा थर मेलेला असतो, बुरशी तोच खाते. खालच्या जिवंत पेशी तिचं कवच ओळखतात आणि रक्तातल्या पेशींना हाक मारतात. म्हणून लाली, म्हणून खाज. कातडी भराभर कोंडा टाकते, त्याबरोबर बुरशीही झडते. मधला भाग साफ होतो आणि लढाई कडेला सरकते. आमच्या बशीतही बुरशी गोलच पसरते, पण मधोमध दाट असते. बशी लढत नाही ना.

मग त्या म्हणाल्या, "तुझी कड लाल का नाही रे? काय चोळतोस?"

मी खिशातली ट्यूब दाखवली.

"यानं बुरशी मरत नाही, नुसती लाली अन् खाज दबते. तू राखणदाराचं तोंड बांधलंस, अन् जनावरं सुखानं चरतायत."

ताई, सहादूमामाबरोबर तुझ्या माधुरीच्या मानेवरच्या नायट्यासाठी पाठवली ती हीच ट्यूब. प्रयोगशाळेतल्या सरांनी दिली असं मी चिठ्ठीत लिहिलं होतं. सरांना मी विचारलंच नव्हतं. ते गव्हावरच्या तांबेरा रोगाचे सर, माणसांचे डॉक्टर नव्हेत. माझी खाज दोन दिवसांत थांबली, म्हणून दुकानातून मीच आणली. तुम्ही मला डॉक्टर म्हणता, ते मला आवडायचं.

'लाली गेली, पोरगी निजते,' असं तू लिहिलंस. ते मी तीनदा वाचून खूश झालो होतो. आता तेच वाचून भीती वाटते.

मलम आजच थांबव. तिला पाथर्डीला दाखव, ट्यूब सोबत ने. लाली परत उठेल, पोर रडेल. सासूबाई म्हणतील, चांगलं औषध कशापायी बंद केलं? त्यांना हे पत्र वरपासून वाचून दाखव.

तिला हे कुठून झालं, ते तू विचारलं नाहीस. जूनमध्ये आलो तेव्हा मी तिला माझ्याच टॉवेलात गुंडाळून निजवलं होतं.

मागच्या पत्राखाली गमतीनं 'डॉक्टर' लिहिलं होतं. तेवढं खोडून टाक.

तुझा भाऊ,
भीमराज