जबानीतला शब्द

३ मार्च

लाडक्या चिंगीस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत. हॉस्टेलचा पंखा अजून कुरकुरतो, खोलीतली मैत्रीण अजून घोरते. आई म्हणाली, तू माझा फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस, म्हणून हा कागद.

अभिरूप न्यायालय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत उलटतपासणीचे सर्वांत जास्त गुण मला पडले. सगळे पाठ थोपटताहेत. मी सांगते, नियमात राहून खेळले. खोटं नाही ते. खटल्याची फाइल तुझ्या नि माझ्या, दोन्ही कॉलेजांना एकच, नाणेफेकीत आम्हाला आरोपीची बाजू आली. आगीची साक्षीदार, गोदामाची रखवालदारीण, तू होणार हे तू उभी राहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आणि साक्षीदाराने फाइलमधल्या लेखी जबानीबाहेर जायचं नाही, हाही नियमच.

किती छान बोलत होतीस गं! "खिडकीचं जाड कापड जळत होतं," म्हणालीस आणि मी उठले. "जबानीत कापड नाही. जो शब्द आहे, तोच सांगा."

जबानीत शब्द होता 'पडदा'.

तुझ्या मैत्रिणीने आक्षेप घेतला. परीक्षक म्हणाले, प्रश्न योग्य आहे. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग आणखी एकदा. तुझे ओठ घट्ट मिटलेले. मागे कोणीतरी खुसखुसलं. "साक्षीदाराला आठवत नाही, अशी नोंद व्हावी," म्हणून मी ऐटीत खाली बसले.

चिंगे, तुझा 'प' अडतो हे घराबाहेर तू कुणाला कळू दिलं नाहीस. शब्द अडला की बाजूने जायचं, हे मीच शिकवलं तुला. पाणी हवं तर "तहान लागलीय" म्हण. पेन हवं तर "लिहायला दे". जाड कापड ऐकताक्षणी मी ओळखलं. हरायची भीती वाटली आणि तुझी वाट मीच बंद केली. फार लाज वाटते गं.

आई म्हणते, तू संघ सोडतेयस. नको सोडूस. शनिवारी दुसरी फेरी, बाजू बदलून. रखवालदारणीचं काम मी सरांकडे मागून घेतलंय. उलटतपासणी तू घे, हवा तेवढा वेळ घेऊन. मी थांबेन.

उत्तर ठाऊक असेल तोच प्रश्न विचारायचा, असं सर शिकवतात. तुझ्याकडे तसा एक आहे: "ताई, तुला माहीत होतं ना?" तिथे तो चालायचा नाही, फाइलबाहेरचा आहे. म्हणून उत्तर इथेच देते.

हो. माहीत होतं.

शपथेवर,
तुझी ताई