गोल वाटेवरचा रुसवा

सुन-इम ताई,

आईच्या श्राद्धाला सगळ्यांदेखत तू माझ्या कोबीच्या किमचीला खारट म्हणालीस, तेव्हाच ठरवलं, आता आपणहून बोलायचं नाही. म्हणून काल डोंगरावरच्या रानाच्या फाटकाशी तू डावीकडे वळलीस, तशी मी नातीला ओढत उजवीकडे निघाले.

"आजी, वाट गोल आहे गं!"

"गप चाल."

अर्ध्या वाटेत, पुढच्या वाटेकडे पाठ करून पाईनखाली बसले, तर मागून कुणीतरी सोललेली काकडी पुढे केली. डोंगरात दिलेली काकडी कुणी नाकारत नाही. न बघताच चावा घेतला.

"मीठ लावू, की तुझ्या हाताचंच पुरेल?"

तुझाच आवाज! हसता हसता मला ठसका लागला.

हे पत्र पाठवणार नाही. आधी तू बोललीस, ते तसंच राहू दे.

तुझी, जिंकलेली,
माल-सुन