जुन्या बेल्टचा नवा जोड

आई,

गेल्या आठवड्यात मी तुझा एक नियम मोडला, आणि मोडला ते बरोबरच केलं, हे सांगायला बसले आहे. लाकूड घासायच्या बेल्टचा जोड एकदा सुटला की तो बेल्ट कचऱ्यात, हा तुझा नियम. मोरिवलीजवळच्या कारखान्यात तू आयुष्यभर त्या खरखरीत दाण्यांच्या कापडी बेल्टची दोन टोकं जोडलीस आणि शेवटी जोड तपासणारी झालीस. अंबरनाथच्या आपल्या स्वयंपाकघरात पोळी लाटतानाही तुझी बोटं कड चाचपायची, कुठे जाड राहिली का म्हणून. तुझ्यासमोर दुरुस्ती हा शब्द काढायची सोय नव्हती.

मी तुझ्याच कारखान्यात लागले त्याचं दुसरंच वर्ष. जेवणाची घंटा होते, मला कडकडून भूक लागलेली असते, आणि जोड पक्का करणाऱ्या गरम प्रेसमधला बेल्ट मी वेळ भरायच्या आधीच बाहेर काढते. तू येतेस, दोन्ही हातांनी तो खेचतेस आणि जोड तोंड उघडतो. सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस, "हा फिरतो तेव्हा समोर कोणीतरी उभा असतो. तुला भूक लागली म्हणून त्याचं नाक फोडायचं का?" आणि कात्रीने बेल्टचे तुकडे केलेस. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. रोज वेगळ्या बाकावर बसून तुझ्याच हातचा डबा खाल्ला.

आता उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझा स्वतःचा गाळा आहे. बदलापूरहून रोज येते, बेल्ट जोडून देते. गेल्या आठवड्यात एक सिंधी फर्निचरवाले सेठ गोणी घेऊन आले. पत्र्याखालच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून राहिलेले बेल्ट, एकदाही न वापरलेले. "दीदी, नया का नया माल है, पण मशीनवर चढवला की फाटतो." बरोबर त्यांचा कारागीर होता. त्याच्या दंडावर तुटलेल्या बेल्टचा निळा वळ उमटला होता. मी एक बेल्ट खेचून पाहिला. दाणे धारदार, कापड शाबूत, फक्त जोडामागची टेप भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी निघून आली. "सेठ, माल चांगला आहे, जोड म्हातारा झालाय," मी म्हटलं. तू असतीस तर गोणी तिथूनच परत गेली असती. पण त्यांच्या जुन्या मशीनच्या मापाचे बेल्ट आता सहज मिळत नाहीत, आणि मला त्या कापडात जीव दिसत होता.

पहिला प्रयत्न फसला. जुनी टेप काढून नवी लावली. खेचल्यावर टेप टिकली, पण शेजारचं कापड फाटलं. जुना गोंद मुरून ते कडक झालं होतं. मग दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं पट्टी कापून टाकली. आता बेल्ट आखूड, मशीनवर चढेना. तेव्हा काही बेल्ट मोडून त्यांचे तुकडे बाकीच्यांत घातले. म्हणजे एका बेल्टला दोन जोड, आई. तुझा चेहरा मला दिसला, तरी मी थांबले नाही. टोकं तिरकी कापली, म्हणजे जोड रोलरवर एकदम आदळत नाही, सरकत जातो. हे तूच शिकवलंस. प्रेसची वेळ पूर्ण भरू दिली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावला नाही. ज्यांचं कापड घडी घालताना कडकड वाजलं, ते बाजूला काढले. सेठ म्हणाले, "इसको भी चिपका दो ना." मी त्यांच्यासमोरच कात्री चालवली. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी वाद घातला नाही.

मग मी स्वतः त्यांच्या कारखान्यात गेले. कारागिराला बाजूला उभं केलं, मशीन आधी रिकामी फिरवली, मग शिसमची फळी घातली. दुपार झाली, दोन्ही जोड तसेच. कारागीर फळीवरून हात फिरवून हसला. तुझा नियम झिजलेल्या बेल्टसाठी खराच होता. पण काम न करताच म्हातारे झालेले बेल्ट तुझ्या हाताखाली कधी आलेच नाहीत. ते आले असते तर तूही हेच केलं असतंस, असं म्हणून मी तुला सूट देणार नाही. तू नसतं केलंस. मी केलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तू समोर असतीस तर मी एवढं बोललेही नसते. एकच गोष्ट सांगायची राहिली. मशीनचं बटण मीच दाबलं, आणि बेल्ट पहिल्यांदा फिरला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "आई" निघालं. कारागीर धावत आला. "क्या हुआ दीदी, लगा क्या?"

मी म्हटलं, "हो, थोडंसं."