रेणुकादासची प्रोफाइल

२३ डिसेंबर, लातूर

आलो एकदाचा. नांदेडहून सकाळची एसटी, खिडकीची जागा, शेजारी घोरणारं कोणी नाही. सुरुवात तर झकास झाली. नोकरी त्याहून झकास, म्हणजे इतकी सोपी की हसू येऊन राहिलं. एमआयडीसीत सिद्रामप्पा मालकांची डाळमिल आहे. ऑफिसात एक म्हातारा कम्प्युटर आणि एक नवाकोरा, अजून थर्मोकोलमध्ये. म्हाताऱ्यावरचं मेलचं सगळं बाड नव्यावर न्यायचं आणि मग रोज व्यापाऱ्यांना डाळीचे भाव पाठवत बसायचं. एवढ्यासाठी यांनी पेपरात जाहिरात दिली होती. माझं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सुटलं (सुटलं म्हणजे मी सोडलं, एचओडीच्या टेबलावर जर्नल आपटून आलो), तरी हे काम मी डाव्या हातानं करीन.

खरं कारण मंजुश्री. ती इथं एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. दिवाळीत भांडण झालं तेव्हा तिनं मला फोन, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडं ब्लॉक केलं. मेल तेवढा राहिला. विसरली असेल, नाहीतर मुद्दाम ठेवला असेल. मी मुद्दामच धरून चाललोय.

२४ डिसेंबर

ऑफिस म्हणजे काय तर डाळीचा भुसा, आणि भुशाखाली माणसं. मालक कपाळभर विभूती लावून बसतात आणि सगळ्यांना बाळ म्हणतात. मुनीम वीरण्णा काका माऊसला हात लावायच्या आधी हात धोतराला पुसतात. जणू माऊसच सोवळ्यात आहे.

मेलची प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर, बस. त्यात खाती, आलेगेलेले मेल, पत्ते, पासवर्ड, पाठवणाऱ्याचं नाव. ते उचलून दुसरीकडं ठेवलं की काम संपलं. पण मालकांची एक अट: पाठवणाऱ्याचं नाव रेणुकादास हेच राहील. इंदूरपासून विरुदुनगरपर्यंत व्यापारी रेणुकादासचाच भाव मानतात. गादीवर बसणारा बदलतो, गादीचं नाव बदलत नसतं, असा इथला रिवाज म्हणे. मी विचारलं, हे रेणुकादास आहेत कुठं? मालक म्हणाले, हायेत की.

काकांनी बाजूला घेऊन सांगितलं की तुझं खाजगी काही असलं तर त्याची येगळी प्रोफाइल कर, गादीच्या खोलीत आपलं अंथरूण घालू नये. डाळ विकता विकता हे मला कम्प्युटर शिकवून राहिले.

२६ डिसेंबर

झालं काम. म्हाताऱ्यावरची मेल प्रोग्रामची आवृत्ती इतकी जुनी की नवी आवृत्ती तिला ओळख दाखवेना. मग मधल्या दोन आवृत्त्यांच्या पायऱ्या चढवत नेली. दुपारी मालकांनी नव्या कम्प्युटरला विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर. मीच रुमालानं पुसून घेतलं. सांगून कळायची लायकी कोणाची आहे इथं.

आणि हो, माझं खातं मी रेणुकादासच्याच प्रोफाइलमध्ये घातलं. वेगळी कशाला? दोन वेळा उघडबंद करायला मी काय वीरण्णा आहे? तिथूनच मंजूला मेल टाकला. मी लातुरात आलोय, नोकरी आहे, आता तरी तुझा तोरा सोड, असा. थोडा चढ्या आवाजातच लिहिला. माझा स्वभाव तिला माहीत आहे.

३० डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. अख्खं लातूर शेतात, कडब्याच्या कोपीखाली भज्जी आणि आंबील खायला. मालकांनी मलाही बोलावलं होतं. म्हटलं, मला कडब्यात बसून जेवायची हौस नाही. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, मिल बंद, मी एकटा ऑफिसात.

मंजूचं उत्तर आलंय. लांबलचक. हसरं. असं तिनं मला दोन वर्षांत लिहिलं नव्हतं.

सुरुवात: प्रिय रेणुकादास.

म्हणजे मेल त्याच्या नावानं गेला. सेटिंगची चूक, माझीच घाई. पण खाली तिनं माझा मजकूर जोडलाय आणि तो माझा नाही. तोरा वगैरे काही नाही त्यात. तुला त्रास झाला असेल, मी इथं वाट पाहीन, तुझ्या सवडीनं लिही, असलं गुळगुळीत. माझ्याच खात्यातून, मी पाठवलं त्याच वेळचं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिलंय.

३ जानेवारी

नाव बदललं, माझं स्वतःचं, सोमेश केलं. बंद करून उघडलं, रेणुकादास. पाठवणाऱ्याची ओळखच पुसून टाकली, परत आली. पासवर्ड बदलला, तरी परत. मी लिहितो ते जाताना गुळगुळीत होतं, आणि तिची रोज उत्तरं. क्लासमधली पोरं, मेसची पातळ आमटी, पावसाळ्यात चप्पल तुटून अनवाणी चालली होती तो किस्सा. मला कधी नाही सांगितला.

शेवटी सरळ विचारलं, सोमेश आठवतो का. हा प्रश्न मात्र जसाच्या तसा गेला. तिनं लिहिलं: कोण सोमेश?

नाटक करून राहिली. दिवाळीचा राग.

६ जानेवारी

ठरवलं, सगळं उचलून परत म्हाताऱ्यावर टाकायचं, होतं तसं करायचं. टाकलं. उघडेना. पाटी आली की ही प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरली गेली आहे, आता जुन्यात चालणार नाही. हे मला माहीत होतं. कोणत्याही शेंबड्या पोराला माहीत असतं, एकदा वर चढलेली प्रोफाइल खाली येत नाही. तरी केलं.

काकांवर ओरडलो, हा रेणुकादास कोण ते सांगा. ते शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, याच्या आधी उदगीरचा शरणप्पा आला होता, हाच म्हातारा डबा तेव्हा नवा होता. तुझ्यासारखंच तापट पोरगं. त्यानंबी आपलं खातं यातच घातलं. मी विचारलं, मग तो गेला कुठं? म्हणाले, जातंय कुठं, रेणुकादास झाला नव्हं. मशीन जुनी होत गेली तसा तोबी मंद होत गेला. खुर्चीत दिसायचा, मग नीट दिसंना, मग न्हाईच. मालकानं जाहिरात दिली.

आणि वर म्हणतात, लई तरास करून घेऊ नको, सांगितलं होतं तुला.

९ जानेवारी, नांदेड

महांतेशच्या दुकानात आलो. होस्टेलवर तीन वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. त्याच्या कम्प्युटरवर कोरी प्रोफाइल केली, फक्त माझं खातं. रेणुकादासचा एक कागद त्यात नाही. उघडलं. वर नाव, रेणुकादास.

पण ते नाही सांगायचं. मी दुकानात शिरलो तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, या साहेब, बसा. मी म्हटलं, काय बे, मस्करी करतो का? तर कावराबावरा झाला. चहा मागवला. जाताना बिलाला नाव काय टाकू, असं अदबीनं विचारलं. मी कॉलर धरली त्याची. त्यानं हात जोडले.

महांतेशनं. मला.

११ जानेवारी, लातूर

क्लासबाहेर उभा राहिलो. ती समोरून आली. माझ्याकडं बघून थांबली. वाटलं, झालं, सुटलो.

तिनं विचारलं, तुम्ही रेणुकादासांच्या मिलमधले ना? शर्टावर डाळीचा भुसा आहे तुमच्या. मग हसून म्हणाली, त्यांना सांगा, संक्रांतीला मीच येते मिलवर, मेलवर किती दिवस बोलायचं.

इतकी छान हसली. माझ्याकडं बघून. माझ्यासाठी नाही.

१३ जानेवारी

प्रोफाइल पुसतो. बोट बटणावर—

तिची सगळी पत्रं त्यातच. मला ती ओळखत नाही, त्याला ओळखते. तो पुसला तर तिच्या लेखी या लातुरात कोणीच नाही. मी तर आधीच—

मालक येऊन पाठीवर हात ठेवून गेले. आज बाळ म्हणाले नाहीत. रेणुकादासजी म्हणाले.

मी ओ दिली. तोंडातून आपोआप. एवढीच एक.

१४ जानेवारी

आलीये. गेटवर. काकांनी आत पाठवलं, ती अंगणात, तुरीच्या पोत्यांजवळ उभी आहे. हातात तिळगुळाचा डबा. हिरवी साडी.

हाक मारली तिनं. रेणुकादास.

ओ द्यायची नाही असं ठरवलंय. ओ दिली की सोमेश संपला. शरणप्पासारखा. हा कम्प्युटर जुना होईपर्यंत खुर्चीत, मग—

नाही दिली तर ती परत जाईल.

दुसऱ्यांदा मारली. काका म्हणून राहिले, आतच हायेत की.

सोमेश म्हणून बाहेर गेलो तर विचारेल, कोण सोमेश. ते दोन शब्द परत ऐकायचे म्हणजे—

डबा पोत्यावर ठेवला तिनं. पदर सावरला. वळली.

गेटकडं चाललीये. मागं बघत नाही.

थांबवायला पाहिजे. काय म्हणायचं ते आधी इथं लिहून बघतो, नीट, रागावून नाही— मंजुश्री, थांब. जाऊ नको. मीच. मी रेणु