पाच मिनिटं चालतं, मग बंद

३ तारीख, सोमवार

शेवटी आज मीच काहीतरी केलं. पेट्रोलचा वास सहनच होईना. खोली एवढीशी, त्यात ह्यांचं झाडं कापायचं चेनसॉ पलंगाखाली. बाहेर ठेवलं तर चोरीला जातं, मागचं गेलंच ना! आणि पलंगावर ठकी. सात महिन्यांचं पोर, रोज पेट्रोल हुंगत झोपतं. काल सकाळपासून खोकतेय.

मशीन ओढून बघितलं. टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक, सुई जाईल एवढं. मशीन आडवं ठेवलं की तिथूनच पाझरतं. भोक कशाला ठेवतात झाकणाला? झाकण म्हणजे झाकण! ठकीच्या अंगाचा गुलाबी साबण नखाने खरवडला, ओला केला आणि आतल्या बाजूने दाबून बसवला. आई रॉकेलचा डबा गळायला लागला की असंच करायची. थांबलं पाझरायचं. वास पण गेला.

ह्यांना सांगितलं नाही. मशीनला कुणी हात लावलेला ह्यांना खपत नाही.

४ तारीख

ठकी दिवसभरात एकदाच खोकली. माझी मी खूश.

५ तारीख, बुधवार

अक्षर बघ कसं येतंय.

हे दुपारीच घरी आले. शर्ट खांद्यावर फाटलेला, पाठीत लाल चरे. मला म्हणाले, "काही नाही, फांदी लागली." मग नळावर पलीकडच्या काकूंना सांगत होते ते मी दारातून ऐकलं. झाड अर्धं कापून झालं आणि मशीन बंद! चेनची पट्टी झाडातच अडकली. ओढून निघेना, दोरी ओढून सुरू होईना. तेवढ्यात वारा आला. झाड कडाडलं आणि फिरलं – भलतीकडेच. ह्यांनी मशीन सोडून उडी मारली. जिथे उभे होते बरोब्बर तिथेच खोड पडलं.

काकूंच्या हातातली बादली भरून वाहत होती, त्यांना कळलंच नाही. त्यांचे मालक, आमच्या ह्यांचे वस्ताद, झाडं पाडायचं काम ह्यांना त्यांनीच शिकवलं. मागच्या वर्षी वाळक्या झाडाची एक फांदी वरून सुटली, थेट त्यांच्या डोक्यात. आवाजसुद्धा नाही झाला म्हणे. ह्यांनीच उचललं त्यांना.

मुकादम काय म्हणाला माहितेय? "तुझ्या मशीनला डोहाळे लागले का रे? दोन घास खाल्ले की बसतंय!" सगळे हसले म्हणे. हसा.

६ तारीख

हे दिवसभर मशीन उघडून बसले. प्लग काढला, काळा होता, घासला. हवेचा फिल्टर पेट्रोलने धुतला. टाकीत तार घालून आतलं फडकं का काय ते बाहेर ओढलं – तो म्हणे पेट्रोलचा फिल्टर. तो पण स्वच्छ. पेट्रोल नवीन, ऑइल मोजून घातलं. सुरू केलं. छान चाललं. मी मनात म्हणते, चला! पाच मिनिटं झाली. आवाज बारीक झाला, घसा बसल्यासारखा, आणि बंद.

थोडा वेळ थांबलं की परत सुरू. परत पाच मिनिटं.

"जास्त पळवलं की जीव जातो त्याचा," हे म्हणाले. शांतपणे म्हणाले. ह्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग टाकी भरायला म्हणून झाकण उघडलं आणि बराच वेळ ते हातात धरून बसले. मी भाकरी वाढलीये म्हणून हाक मारली तर दचकले.

७ तारीख, शुक्रवार

मुकादम दारात. आत आलाच नाही, चौकटीला हात लावून उभा. खोली त्याचीच आहे, तो चौकट जरा जास्तच जोरात धरतो असं मला नेहमी वाटतं.

कारखान्यामागचं मोठं झाड पाडायचंय. मी बघितलंय ते. वाळून खडंग झालेलं, बुंध्याला एवढी ढोली की ठकीला आत बसवता येईल. आणि पत्र्याच्या शेडवर वाकलेलं. वर चढून आधी फांद्या उतरवायच्या, मग खोड.

हे म्हणाले, "माणसाला वर उचलते ती पाळण्याची गाडी मागवा. ह्या झाडावर चढण्यात अर्थ नाही. आतून पोकळ आहे."

"तीनदा सांगून झालं तुझं. गाडी काय तुझ्या सासऱ्याची आहे? पुढच्या शुक्रवारी झाड आडवं पाहिजे मला. नाहीतर खोली रिकामी कर, करणारे खूप आहेत."

मग माझ्याकडे बघून हसला. "काय वहिनी, बरोबर ना?"

मी ठकीला खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला बोलता येत नाही असल्या माणसांशी.

खोली गेली तर जाणार कुठे? माझ्या माहेरी एक खाट आणि तीन माणसं.

८ तारीख

मेस्त्री आला. पंप, मोटरसायकली, सगळं दुरुस्त करतो. बोलघेवडा. कार्बोरेटर खोलला, फुंकला, आतला पातळ पडदा बदलला, पेट्रोलची बारीक नळी उन्हात धरून बघितली. मशीन सुरू केलं. धडधड धडधड, मस्त!

"हे मशीन नव्हे, सासुरवाशीण आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे आली की हसते, तुमच्याकडे गेली की रुसते."

मी हसले. हे नाही हसले. नंतर मेस्त्रीने टाकीच्या झाकणाला हात घातला तर ह्यांनी ते चटकन स्वतःकडे घेतलं. "राहू दे, झाकण मी कालच धुतलंय." सगळा वेळ झाकण ह्यांच्याच मुठीत. मशीन उघड्या टाकीवरच चाललं.

मेस्त्री गेला. झाकण लावलं. पाच मिनिटं आणि बंद!

मेस्त्रीला परत बोलावू का विचारलं. "नको," म्हणाले.

९ तारीख, रविवार

माझं दूध आटत चाललंय. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "भीती घेतेस का गं? भीतीने आटतं." आता भीती काय मी दुकानातून आणते का! बाटली दिली तिने. पावडरचं दूध.

१० तारीख

देवा, हे काय झालं माझ्या हातून.

सगळं नीट लिहिते, मग डोकं शांत होईल.

सकाळी ठकी बाटली पीत होती. चोखते, चोखते, आणि निपल आत चपटं होऊन बसलं. दूध येईना. बाटली तर अर्धी भरलेली! पोरगी रडून लालबुंद. मी बाटली हलवली, उलटी केली, काही नाही. मग झाकण जरासं सैल केलं. फुस्स! बुडबुडे आत गेले आणि लगेच दूध सुरू.

माझा हात तसाच राहिला.

आत हवा जायला जागा नसेल तर बाहेर काही येत नाही. म्हणून भोक असतं. म्हणून!

ठकीला खाली ठेवलं, पलंगाखालून मशीन ओढलं. हे कारखान्यावर होते. झाकण फिरवलं. फुस्स! अगदी तसाच आवाज.

मी बसूनच राहिले. ते झाड अर्ध्यात अडकलं ते माझ्यामुळे. ह्यांच्या पाठीवरचे चरे माझ्यामुळे. एक पाऊल इकडेतिकडे झालं असतं तर आज मी काकूंच्या शेजारी पांढऱ्या कपाळाने बसले असते, आणि मला कधी कळलंही नसतं की माझ्याच नखाने झालंय. अंगाचा साबण! एवढासा, तुरीच्या डाळीएवढा!

सुई घेतली आणि सगळा साबण टोकरून काढला. भोकातून फुंकून बघितलं, वारा पार जातो. साबण गुंडाळून चुलीत टाकला. झाकण लावलं. मशीन होतं तसं ठेवलं.

सांगायचं का? सांगायला पाहिजे. सांगितलं तर काय म्हणतील? हात नाही उचलणार, तसले नाहीत ते. पण बघतील ना माझ्याकडे. ते बघणं मला झेपायचं नाही.

आणि दुसरं. मशीन आता चालणार. चाललं की शुक्रवारी हे त्या पोकळ झाडावर चढणार. ते पण मीच केलं.

पण अर्ध्या झाडात बंद पडणारं मशीन घेऊन वर जाण्यापेक्षा चालणारं बरं. बरं ना? कुणाला विचारू?

११ तारीख, मंगळवार

ह्यांनी अंगणात मशीन लावलं. मी ठकीला मांडीवर घेऊन दारात बसले. पाच मिनिटं. सहा. दहा. आवाज सरळ, एका सुरात. जुना ओंडका लोण्यासारखा कापला गेला.

काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं की रे बरं! भूत पळालं!"

मला वाटलं हे खूश होतील. ह्यांचं तोंड असं झालं, जसा काही कुणी वाईट निरोप आणलाय. मशीन बंद केलं. झाकण उघडलं, उजेडात धरलं, भोकातून आभाळ बघितल्यासारखं बघितलं. मग माझ्याकडे.

"तू मशीनला हात लावलास?"

"मी? मी कशाला लावू?"

खोटं बोलले. तोंडातून निघून गेलं. ठकीने तेवढ्यात माझे केस ओढले म्हणून बरं, मान खाली घालता आली.

जेवले नाहीत. ताटावरून उठले.

१२ तारीख

काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "आमचे पण शेवटच्या दिवशी जेवले नव्हते गं. मी म्हटलं, नखरे करतात."

त्यांना वाटलं असेल त्या आपलं असंच काहीतरी बोलल्या. मी घरात येऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

ह्यांना म्हटलं, नका जाऊ शुक्रवारी. "मशीन चालतंय ना आता," म्हणाले. "चालणारं मशीन असून नाही म्हटलं तर मुकादम काय समजेल? घाबरला म्हणेल. एकदा घाबरट म्हणून नाव पडलं की कोण काम देतं? वस्ताद सुद्धा नाही म्हणू शकले नाहीत."

"ते नाही म्हणणार होते?"

हे ठकीच्या पावलावरून बोट फिरवत बसले.

१३ तारीख, गुरुवार

मशीन घेऊन नळावर गेले. पुसायचंय म्हणे. बराच वेळ लावला. हात धुऊन आले, मला म्हणाले, "उद्या ठकीला घेऊन तिकडे येऊ नकोस."

जसं काही मी बघू शकणार होते!

१४ तारीख, शुक्रवार, दुपार

आले! चालत आले, दोन पायांवर! मी धावत फाटकापर्यंत गेले, चप्पल पण नाही घातली.

मशीन बंद पडलं. झाडाला चेन लागायच्या आधीच, मुकादमासमोर जमिनीवर सुरू करून दाखवलं तेव्हा. पाच मिनिटं आणि बंद. थांबून परत. तीनदा. मुकादम ओरडला, "हे मशीन आहे का पाच मिनिटांचं घड्याळ?" हे म्हणाले, "अर्ध्या झाडात बंद पडलं तर तुमची शेड जाईल, साहेब." ते मात्र मुकादमाला लगेच पटलं. माणूस जाईल म्हटलं असतं तर पटलं नसतं.

आता दुसरी जोडी येणार. त्यांच्याकडे पाळण्याची गाडी आहे. आणि खोली त्यांना लागणार. रविवारपर्यंत सोडा म्हणाला.

पण मला कळत नाहीये. साबण तर मी सोमवारीच काढला. मग बंद कसं पडलं? भोक परत कशाने बुजलं? दुसरंच काही बिघडलंय का? हे पाठ करून झोपलेत. उठून बघते.

संध्याकाळ

झाकणात साबण आहे. माझा गुलाबी होता. हा निळा आहे, कपड्यांचा. नळावरच्या वडीला नखाने खरवडल्याची खूण आहे, ती पण बघून आले. साबणावर अंगठ्याचा ठसा, काळ्या ऑइलचा. माझ्या अंगठ्याच्या दुप्पट.

झाकण होतं तसं लावून ठेवलं. आत येऊन ठकीचे कपडे घडी घालायला घेतले. ह्यांनी डोळे उघडले. "काय करतेस?" म्हटलं, "बोचकं बांधते."

बराच वेळ बघत राहिले माझ्याकडे. मी पण बघितलं. मग उठले, आणि ठकीच्या झोळीची दोरी सोडायला लागले.