दसऱ्यापासून रखडलेला बॅकअप

६ ऑक्टोबर, सोमवार

स. ८.१०. कारखान्यात पोचले तर नानांच्या सर्व्हरचा बॅकअप अजून चालूच. काल संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेला! तेरा तास उलटून गेले. पूर्वी दीड तासात उरकायचा.

आठला गावोगावचे शेतकी कर्मचारी मोबाईलवरून ऊसनोंदी पाठवायला लागतात. मग सर्व्हर हँग, फोनवर फोन, आणि बॅकअपच्या नावापुढे लाल अक्षरात 'अपूर्ण'. दसऱ्यापासून रोज हेच चाललंय.

माझे दोन्ही सर्व्हर लिनक्सवर. बारा मिनिटांत बॅकअप उरकून गप्प होतात. नानांचा विंडोज. मी काय बोलणार! (बोलले. नानांसमोरच बोलले.)

७ ऑक्टोबर, मंगळवार

पठारेनाना या महिन्याच्या एकतीसला रिटायर. सगळ्या गावांच्या लावणीच्या तारखा कागदावरून कॉम्प्युटरवर आणल्या त्या याच माणसाने. ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी. लावणीची तारीख हरवली तर शेतकऱ्याची पाळी गेली, आणि मग गेटवर जे होतं ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायची इच्छा नाही. यंदापासून कागदी वही बंद आहे. म्हणजे सर्व्हर बसला आणि बॅकअप अपूर्ण असला तर सगळंच गेलं.

नानांना म्हटलं, "तुमचं विंडोज म्हातारं झालं."

"म्हातारं न्हाई ताई, शानं हाय. घाई करत न्हाई." वर मलाच, "त्या तुमच्या काळ्या पाटीवर काय दिसतं तुमाला, द्येव जाणे."

काळी पाटी म्हणजे माझी लिनक्सची स्क्रीन. सतरा वर्षं हेच ऐकतेय. खरं सांगायचं तर आवडतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अँटिव्हायरसवर संशय. बॅकअप चालू असताना तो प्रत्येक फोटो उघडून तपासत बसतो, आणि शेतांचे फोटो लाखांनी. नानांना म्हटलं, फोटोंचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. नानांनी अर्धा तास हुज्जत घातली. "उद्या रोग शिरला तर?" शेवटी वगळला.

तेराचे साडेबारा तास झाले. डोंगर पोखरून उंदीर.

चिडचिड. दुपारी डबासुद्धा नीट खाल्ला नाही. शेपूची भाजी होती, म्हणूनही असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेतकी साहेबांनी बोलावलं. गळीत हंगाम तोंडावर, काय तो निकाल लावा म्हणाले. दहा मिनिटांत टिपण लिहून दिलं: विंडोज सर्व्हर कालबाह्य, बॅकअप घेण्यास असमर्थ, श्री. पठारे यांच्या निवृत्तीबरोबरच तो बंद करून सर्व नोंदी लिनक्सवर घ्याव्यात. खाली सही.

'निवृत्तीबरोबरच' हा शब्द लिहिताना बरं वाटलं होतं. कसं ठसठशीत वाक्य झालं, असं.

साहेब म्हणाले, ठीक, पण पुरावा द्या. देते की! रविवारी नानांच्याच मशीनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवते. तेच मशीन, तेच फोटो. विंडोजला किती वेळ, लिनक्सला किती, होऊन जाऊ दे.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी दहाला देवळालीहून स्कूटीवर गेले. नाना आधीच हजर, खिशात किल्ल्या. त्यांनी चहा मागवला. एका गटाच्या फोटोंचा फोल्डर निवडला. विंडोजवरून बॅकअपच्या डब्यात (स्टोअररूममधलं ते डिस्कांचं काळं खोकं, तिन्ही सर्व्हरचे बॅकअप त्यातच जातात) पाठवायला अठ्ठावीस मिनिटं लागली. मी वहीत लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली.

मग मशीन बंद करून लिनक्सवर चालू केलं. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. "लाईट आली, ताई. मोटर चालू करून येतो. तुमी चालू द्या." आणि ते उसाला पाणी द्यायला गेले.

तोच फोल्डर, लिनक्सवरून. अठ्ठावीस मिनिटं.

पुन्हा केलं. अठ्ठावीस.

माझ्या सर्व्हरवरून तेवढाच डेटा त्याच डब्यात पाठवून पाहिला, तर तीन मिनिटं. म्हणजे विंडोज नाही, लिनक्स नाही, डबाही नाही. राहिलं काय? मशीन ते डबा हा रस्ता.

कपाटामागे वाकले. सर्व्हरवर खंडेनवमीचा झेंडूचा हार, वाळून कोळ झालेला. दिवाळीत नवा घालेपर्यंत जुना उतरवायचा नाही, असा आमच्या विभागाचा रिवाज. पाडला कुणी? मी. हार बाजूला केला. खाली केबल लागते तिथला दिवा केशरी. तो हिरवा असतो.

आणि मग सगळं आठवलं. खंडेनवमीला पूजा मीच केली. हळदकुंकू, स्वस्तिक, हार. जाड निळी केबल हारासमोर येत होती, बरी दिसेना. म्हणून ती काढली आणि ड्रॉवरमधली जुनी, बारीक, आखूड केबल लावली. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खूप अंगठे आले होते.

त्या जुन्या केबलीतल्या निम्म्या तारा कामातूनच गेलेल्या. वेग दहा पटीने खाली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर मीच.

निळी केबल लावली. दिवा हिरवा. तोच फोल्डर: तीन मिनिटं.

नाना परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं व्हय? लिनक्सनं केलं? मानलं बुवा तुमच्या काळ्या पाटीला."

मी म्हटलं, "हं."

एवढंच म्हटलं. का म्हटलं?

१३ ऑक्टोबर, सोमवार

कालचा बॅकअप रात्री आठलाच पूर्ण. सर्व्हर मस्त. सकाळपासून एकही फोन नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. नाना टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे.

संध्याकाळी घरी ह्यांना सांगितलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "मग नानांना सांगितलंस ना?" भाकरी करपली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज कळलं. नानांनी या हंगामापुरती मुदतवाढ मागितलीय. अर्ज महिनाभरापूर्वीचा. मला बोलले नाहीत. साहेबच सहज बोलून गेले, "तुमच्या टिपणामुळे काम सोपं झालं. यंत्रच बंद होणार तर माणूस कशाला थांबवायचा?"

हा एक हंगाम सुरळीत पार पाडून जायचं, हे त्यांच्या मनात किती आहे, ते मला माहीत असायला हवं होतं. शेजारच्या टेबलावर बसते मी!

१५ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, दोघंच होतो. हार, केबल, टिपण, रविवारचं 'हं', सगळं सलग. मधे थांबले असते तर राहिलं असतं.

नानांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "म्हंजी माजं विंडोज चांगलं हुतं."

"चांगलं होतं, नाना."

"म्या पंधरा दिवस बायकोला सांगतोय, आपलंच कायतरी चुकलं आसंल. झोप न्हाई लागली वो ताई."

मला रडू आलं. त्यांनी ताटलीतला ठेचा माझ्याकडे सरकवला, जणू रडण्यावर तेच औषध.

नवीन टिपण देते म्हटलं, तर म्हणाले, "वायर खराब झालती, येवढंच लिवा. कुनी बदलली ते कशाला? तुमची नोकरी लई राह्यली आजून."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिलं. 'केबल मी स्वतः बदलली होती. विंडोज सर्व्हरमध्ये कोणताही दोष नाही. दि. ९ चे माझे टिपण चुकीचे असून ते मी मागे घेत आहे.' तीन वाक्यं लिहायला दीड तास लागला. पहिलं दहा मिनिटांत झालं होतं.

आवक-जावकचा शिक्का मारून घेतला. पायऱ्या उतरताना हलकं वाटलं. नानांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं, म्हणाले, "हट्टी हायसा." आणि मग दिवसभर खुशीत होते. त्यांची ती शीळ पुष्कळ दिवसांनी ऐकली. बेसूरच आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

बॅकअप एक तास पंचवीस मिनिटं. जुना हार विसर्जनाच्या पिशवीत टाकला. नानांच्या घरच्या म्हशीचा खरवस आला होता. दोन वाट्या खाल्ल्या, तिसरीला नाही म्हणायची तयारी नव्हती. छान गेला दिवस.

जाताना साहेबांना विचारलं, माझं कालचं टिपण नानांच्या अर्जाला जोडलं ना? त्यांनी फाईल शोधली. मग कपाळावर हात मारला. अर्ज सोमवारीच वर गेलाय, संचालकांकडे. त्याला माझं पहिलं टिपण जोडलंय. दुसरं आता मागून पाठवतो म्हणाले. "पण ते फाईलला लागेल का, सांगता येत नाही. दिवाळीची सुट्टी आहे ना मधे."

नाना दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. "बघू," म्हणाले, आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावायला गेले. किल्ली दोनदा फिरवून, कुलूप ओढून बघतात, तसं बघितलं.

संचालकांची सभा एकोणतीसला. नानांचा शेवटचा दिवस एकतीसला. दोन्ही कागदांवर सही माझीच.